हुंडणावळ कोणी द्यावी?

पैशाला पाय फुटतात, असे आपण सहज बोलून जातो. पण त्या पायांना वहाणा कोण पुरवितो, ह्याचा विचार क्वचितच करतो. एका गावची रक्कम दुसऱ्या गावी पोचावयाची, किंवा एकाच्या गाठीची दुसऱ्याच्या गल्ल्यात पडावयाची, म्हणजे मध्ये कोणी तरी उभा असतो, आणि तो आपली मजुरी घेतल्यावाचून हलत नाही. ह्या मजुरीला आपल्या वाडवडिलांनी मोठा नेटका शब्द योजला होता. दळण्याची मजुरी ती दळणावळ, लिहिण्याची ती लिहिणावळ, तशी हुंडी करून देण्याची ती हुंडणावळ.

पेशवाईवरील एका कादंबरीच्या निमित्ताने मी काही वर्षे जुने छापील कागद चाळीत होतो. लढाया, तह, रुसवेफुगवे ह्यांच्या मधून मधून हा शब्द सारखा डोकावे. प्रारंभी मी तो ओलांडून पुढे जात असे. पुढे ध्यानात आले की, कागदांतील निम्मी काळजी ह्या एका शब्दाभोवती फिरते आहे. फौजेचा रोजमुरा चढला आहे, हिंदुस्थानातून रक्कम यावयाची आहे, ती हुंडीने यावी की रोकड यावी, आणि हुंडीने आली तर हुंडणावळ कोणाच्या नावे लिहावी! आमच्या शाळेसमोरील वह्या-पुस्तकांचा दुकानदार परवा मला म्हणाला, "गुरुजी, गिऱ्हाईक कार्ड घासून जाते, पण माझ्या खात्यात पुरते पैसे पडत नाहीत. मधले कोण नेते?" तेव्हा मला वाटले, प्रश्न तोच आहे, शब्द मात्र बदलला. आता त्याला 'एमडीआर' म्हणजे मर्चंट डिस्काउंट रेट म्हणतात. ह्या एका प्रश्नाचा जुना-नवा इतिहास वाचकांपुढे मांडावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

१

हुंडी म्हणजे एका सराफाने दुसऱ्या गावच्या आपल्या आडत्यास लिहिलेली आज्ञा: अमक्याकडून येथे रक्कम पावली, तेथे अमक्यास द्यावी. कागद दाखविताच पैसे द्यावयाचे ती दर्शनी, ठरलेल्या दिवसांनी द्यावयाचे ती मुदती. बाजारात पत असलेल्या गृहस्थाच्याच हाती रक्कम पडावी अशी अट असलेली ती शहाजोग. हुंडी वाटेत हरवली तर तिची दुसरी प्रत निघे, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर परपेठ. पैसे देऊन चुकती झालेली हुंडी म्हणजे खोका. खाडाखोडीची भीती नको म्हणून रकमेबरोबर तिची निमपटही लिहीत: रुपये शंभर, निमे पन्नास, त्याची दुप्पट शंभर पुरे द्यावे. गणित शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला ह्या युक्तीचे फार कौतुक वाटते. आज यंत्रात लपविलेले आकडे जे काम करतात, ते तेव्हा एक साधा भागाकार करीत असे.

ह्या सेवेचा दर काय असे? सतराव्या शतकात भारतभर हिंडलेला ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या हिशेबाला फार पक्का. त्याचा प्रवासग्रंथ १६७६ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुरतेवर केलेल्या हुंड्यांचे गावोगावचे दर त्याने दिले आहेत. अहमदाबादेहून शेकडा १ ते दीड, आग्र्याहून सव्वाचार ते ५, आणि ढाक्याहून १०. ह्या आकड्यांत एक सरळ न्याय दिसतो. अंतर वाढले, वाटेतील जोखीम वाढली, पैसे मिळावयास लागणारे दिवस वाढले, की दर वाढला. चोरांनी माल लुटला तर पैसे बुडण्याचे भयही ह्या दरात मिळविलेले असे. म्हणजे हुंडणावळ ही नुसती हमाली नव्हती. तिच्यात हमाली, व्याज आणि विमा असे तीन जिन्नस एकत्र होते. वाचकांनी हे तीन जिन्नस ध्यानात ठेवावेत. पुढे कामास येतील.

दुसरी गोष्ट अशी की, हा दर बाजारात उघड बोलला जाई. ज्या गावी रक्कम पाठविणारे पुष्कळ, त्या गावाच्या हुंडीला भाव चढे. मागणी नसली की तीच हुंडी कमी किमतीत मिळे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट: ज्याला पैसे पाठवावयाचे तो हुंडी विकत घेई, आणि हुंडणावळ काय पडली हे त्याला जागच्या जागी कळे. करारात ती दुसऱ्याच्या माथी मारावयाची असेल तर तसे स्पष्ट लिहून घेत. आमच्या जुन्या कागदांतील ती घासाघीस ह्याचसाठी होती.

२

हुंडणावळीचा सख्खा भाऊ म्हणजे बट्टा. पेशवाईत एकच एक रुपया नव्हता. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही अशी नाना जातींची नाणी बाजारात फिरत. कोणाचे वजन कमी, कोणाची चांदी हिणकस, कोणी नुसते झिजलेले. तेव्हा नाणे पारखावयाचे आणि फरकापुरती रक्कम कापून घ्यावयाची. ही कापलेली रक्कम म्हणजे बट्टा. 'नावाला बट्टा लागला' असे आज आपण म्हणतो, तेव्हा सराफाच्या त्या पाटावर खण्णकन वाजलेल्या खोट्या रुपयाचीच आठवण काढीत असतो. सारा भरणाऱ्या कुणब्याच्या हाती कोणते नाणे पडावे हे त्याच्या अधीन नव्हते. पण त्याचा बट्टा मात्र पुष्कळदा त्याच्याच पदरी येई. दुबळ्याकडे नाणेही दुबळेच येते, हा तेव्हाचा अनुभव.

१८३५ साली कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा एकसारखा रुपया पाडावयाचे ठरविले, आणि बट्ट्याचे राज्य हळूहळू ओसरू लागले. पण ते एका दिवसात गेले नाही. १८६१ च्या कायद्याने सरकारी नोटा निघाल्या, त्याही मंडळवार. मुंबई मंडळाची नोट कलकत्त्यात न्यावी, तर तेथे ती घेण्याची सक्ती कोणावरच नव्हती. घेणारा बट्टा कापून घेई. पाच रुपयांची नोट (ब्रह्मदेश वगळून) सर्वत्र चालावी असे १९०३ साली ठरले. दहाची आणि पन्नासची १९१० साली, शंभराची १९११ साली. म्हणजे सरकारच्याच कागदाला आपल्याच देशात पुरे मोल मिळावयास पन्नास वर्षे लागली! नाण्यावरील, नोटेवरील हा बट्टा शेवटी गेला तो व्यापाऱ्यांच्या सद्बुद्धीने नव्हे, तर पैसा ही सर्वांची सोय आहे आणि तिचा खर्च सर्वांनी मिळून सोसावा, हे राज्यसंस्थेने मान्य केले म्हणून. ह्या मुद्द्याकडे पुन्हा वळावयाचे आहे.

१८८० साली पोस्टाने मनिऑर्डर सुरू केली. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या चाकरमान्याने कोकणात आईला किंवा घरधनिणीला पाठविलेले पैसे हे त्या सेवेचे आपल्या ओळखीचे रूप. पुढे कित्येक वर्षे २० रुपयांस १ रुपया, म्हणजे शेकडा ५, असा दर होता. जड खराच, पण तो पाठविणारा भरी, आणि पोस्टमन दारात येऊन आईच्या हातावर पुरी रक्कम मोजी. तिच्या पदरातून काही कापले जात नसे.

३

आता अमेरिकेकडे वळू. १९५० च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या एका उपाहारगृहात फ्रँक मॅक्नमारा नावाच्या गृहस्थाने जेवणाचे बिल रोख न देता पुठ्ठ्याचे एक कार्ड दाखवून भागविले. तो आदल्या वर्षी पाकीट घरी विसरला आणि त्यातून ही कल्पना सुचली, ही कथा पुढे जाहिरातीने रंगविली. ती सोडून देऊ. त्याच्या 'डायनर्स क्लब'ची खरी युक्ती वेगळीच होती. जेवणाऱ्याने महिनाअखेरीस बिलापुरतेच पैसे द्यावयाचे; आणि उपाहारगृहवाल्याने मात्र प्रत्येक बिलातून शेकडा ७ क्लबला सोडावयाचे. हुंडणावळीच्या इतिहासातील ही मोठी उलथापालथ होय. मजुरी देणारा पाठविणारा होता, तो घेणारा झाला; आणि पाठविणाऱ्याला तिचा पत्ताही लागेनासा झाला.

१९५८ च्या सप्टेंबरात बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो ह्या गावी साठ हजार घरांत न मागता कार्डे टाकली. दुकानदाराकडून शेकडा ६ घ्यावयाचे होते. एवढा जबर दर दुकानदारांनी का मानला? कारण मोठ्या पेठवाल्यांची स्वतःची उधारीची खाती होती, कारकून होते. लहान दुकानदाराला उधारी द्यावी तर वही सांभाळणे, आठवण देणे, बुडीत सोसणे, सारे एकट्याने. बँक म्हणाली, ती वही आम्ही सांभाळतो. म्हणजे हमाली, व्याज आणि विमा हे तिन्ही जिन्नस तेथेही होते, आणि लहान माणसालाच त्यांची गरज अधिक होती. हे विसरून कार्डाला नुसती लूट म्हणणे न्यायाचे होणार नाही. आरंभी बँकेचेही हात पोळले. थकबाकी शेकडा ४ राहील असा अंदाज होता, ती २२ वर गेली, आणि पहिल्या सव्वा वर्षात लाखो डॉलर बुडाले.

पुढे निरनिराळ्या बँका एकाच कार्डाच्या छत्राखाली आल्या, तेव्हा नवा पेच पडला. गिऱ्हाइकाला कार्ड देणारी बँक एक, दुकानदाराचे खाते दुसऱ्या बँकेत. मग कापलेली रक्कम वाटून कशी घ्यावयाची? १९७० साली डी हॉक ह्याच्या पुढाकाराने बँकांची एक सामाईक संस्था निघाली. १९७६ पासून जग तिला व्हिसा म्हणून ओळखते. तिने १९७१ पासून एक ठराविक दर बांधून दिला. दुकानदाराच्या बँकेने गिऱ्हाइकाच्या बँकेस द्यावयाच्या ह्या रकमेला इंटरचेंज म्हणतात. आज दुकानदाराचे जे पैसे कापले जातात, त्यांतील मोठा वाटा ह्या इंटरचेंजचा असतो. उरलेल्यातून थोडे कार्डाच्या जाळ्याला, आणि बाकीचे दुकानदाराच्या स्वतःच्या बँकेला जातात.

येथे बाजाराचा एक जुना धडा उलटा होतो. स्पर्धा वाढली की भाव उतरतो, असे आपण मुलांना शिकवितो. पण कार्डवाल्यांची स्पर्धा दुकानदार मिळविण्यासाठी नसून कार्ड वाटणाऱ्या बँका मिळविण्यासाठी असते. आणि जो बँकेला अधिक इंटरचेंज मिळवून देईल, त्याचे कार्ड बँक हौसेने वाटते. त्या पैशातून गिऱ्हाइकाला बक्षिसाचे गुण, विमानाचे मैल, परताव्याची लालूच दाखविली जाते. गिऱ्हाइकाला वाटते, बँक उदार झाली. खरे पाहता, ते औदार्य दुकानदाराच्या गल्ल्यातले. आणि दुकानदाराने ते किमतीत मिळविले असेल, तर रांगेत मागे उभ्या असलेल्या, रोख देणाऱ्या बाईच्या पदरातले.

ह्याविरुद्ध बंडेही झाली. १९९१ साली बॉस्टनमधील उपाहारगृहवाल्यांनी अमेरिकन एक्सप्रेसचा दर जास्त म्हणून उठाव केला. १७७३ च्या 'टी पार्टी'वर कोटी करून त्याला 'फी पार्टी' असे नाव पडले, आणि कंपनीला दर उतरवावा लागला. मग सरकारे जागी झाली. ऑस्ट्रेलियाच्या मध्यवर्ती बँकेने २००३ साली इंटरचेंजला लगाम घातला. युरोपीय संघाने २०१५ साली डेबिट कार्डावर शेकडा ०.२ आणि क्रेडिट कार्डावर ०.३ ही कमाल मर्यादा बांधली. अमेरिकेने २०११ पासून मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डावर दर व्यवहारास २१ सेंट आणि रकमेच्या शेकडा ०.०५ अशी मर्यादा घातली. पण तिचा परिणाम मासलेवाईक झाला. ज्यांची विक्री दोन-दोन, चार-चार डॉलरांची, त्यांना पूर्वी सात-आठ सेंट पडत असत. आता सर्वांनाच २१ सेंट लागू झाले. वरची मर्यादा म्हणून घातलेले छप्पर लहान दुकानदाराला जमीन होऊन बसले. लहानाच्या नावाने केलेला कायदाही लहानाच्या मापाने बेतावा लागतो, हा त्याचा बोध.

४

आपल्याकडे डायनर्स क्लब १९६१ साली आला, तो मोठ्या हॉटेलांपुरता. सेंट्रल बँकेने १९८० साली आपले कार्ड काढले. तरी गल्लीतील वाण्यापर्यंत हे लोण पोचावयास पुढील शतक उजाडावे लागले. २०१२ च्या जुलैपासून रिझर्व्ह बँकेने डेबिट कार्डावरील कापणीस मर्यादा घातली. २०१६ च्या ८ नोव्हेंबरला पाचशे-हजारांच्या नोटा रद्द झाल्या, आणि ज्याने यंत्राचे तोंड पाहिले नव्हते तोही यंत्र मागू लागला. २०१८ च्या १ जानेवारीपासून नवे दर आले. ज्याची मागील वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत, त्याला डेबिट कार्डावर शेकडा ०.४० आणि एका व्यवहारास फार तर २०० रुपये; त्यावरच्याला ०.९० आणि फार तर १,००० रुपये. लहान-मोठ्याचा भेद करणारा हा नियम, बॉस्टन-फ्रेझ्नोच्या मानाने, शहाणपणाचा खरा. २०२० च्या १ जानेवारीपासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय ह्यांवरील कापणी कायद्यानेच शून्य झाली. १८३५ च्या रुपयाने जे केले, त्याच जातीचे हे काम.

पण क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा रिझर्व्ह बँकेने घातलेली नाही. तेथे दर दुकानदार आणि बँक ह्यांच्या कराराचा. साधारणपणे शेकडा दोनच्या आगेमागे. आता त्या वह्यावाल्याचा हिशेब फळ्यावर मांडू. विक्री ५,००० रुपयांची. शेकडा २ प्रमाणे कापणी १०० रुपये. एका व्यवहाराची रक्कम २,००० च्या वर गेली, म्हणून ह्या सेवेवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १८ रुपये. खात्यात पडले ४,८८२. "दोनच टक्के," असे त्याला यंत्र बसविणारा म्हणाला होता, आणि ते खोटे नव्हते. पण हे दोन टक्के विक्रीचे, नफ्याचे नव्हेत. त्याचा नफा शेकडा ८ धरला, तर ५,००० वर तो ४०० होतो. त्या ४०० तून ११८ गेले, म्हणजे नफ्याचे जवळजवळ तीस टक्के! मोठा नोंदणीकृत व्यापारी ते १८ रुपये आपल्या करातून वळते करून घेतो. नोंदणी नसलेल्या किंवा कंपोझिशनमधील लहान दुकानदाराला ती सोय नाही. शिवाय यंत्राचे महिन्याचे भाडे असते, ते विक्री होवो वा न होवो.

म्हणून माझे आमच्या दुकानदारांना सांगणे एवढेच की, महिन्याचा उतारा पुरा वाचावा. डेबिटचा दर निराळा आणि क्रेडिटचा निराळा लावला आहे ना, भाडे वेगळे दाखविले आहे ना, रक्कम किती दिवसांनी जमा होते, हे विचारावे. विचारणाऱ्याला दर उतरवून मिळतो. न विचारणाऱ्याला छापील दर लागतो. पेशव्यांचे कारकून लढाईच्या धामधुमीत हुंडणावळीचा हिशेब मागत होते, तर आपण दिवाबत्तीच्या वेळी तो का मागू नये?

आणि शून्याचे काय? शून्य मजुरीत काम चालत नाही. ती कोणी तरी भरतोच. २०२५ च्या ऑगस्टात यूपीआयवरून एका महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. ते चालविणाऱ्या यंत्रांना, माणसांना, पहारेकऱ्यांना खर्च आहेच. केंद्र सरकारने २०२४-२५ सालासाठी लहान दुकानदारांच्या दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारांपोटी बँकांना शेकडा ०.१५ प्रमाणे अनुदान द्यावयाचे ठरविले. तरतूद सुमारे १,५०० कोटींची. म्हणजे हुंडणावळ गेली नाही, ती राज्याच्या खर्ची पडली. काही जाणते म्हणतात, हे फार दिवस परवडणार नाही, पुन्हा थोडी कापणी सुरू करावी. माझे मत विचाराल तर, करावयाचीच झाली तर ती मोठ्यांपासून करावी, उघड करावी, आणि बिलाच्या कागदावर छापावी. जो कार्ड काढतो त्याला कळू द्यावे की, आपल्या ह्या सोयीची मजुरी समोरचा माणूस भरतो आहे.

जुन्या हुंडणावळीत दोष पुष्कळ होते. सराफ काही संत नव्हते, आणि ढाक्याचे शेकडा दहा ऐकून आजही छाती दडपते. परंतु तिच्यात एक गुण होता: ती दिसत असे. जो दर दिसतो त्याच्याशी भांडता येते. जो दिसत नाही तो दैवासारखा सोसावा लागतो, आणि दैव बहुधा धाकट्याच्याच वाट्याला अधिक येते. पाडव्याला नव्या वहीची पूजा होते, पहिल्या पानावर हळदकुंकवाने 'श्री' निघतो. त्या वहीत जमेच्या बाजूला विक्री लिहिताना खर्चाच्या बाजूला एक ओळ हुंडणावळीसाठी आठवणीने राखावी. तिला नाव नवे द्या किंवा जुने. पण ओळ कोरी ठेवू नका.